गच्चीवरचे बिबडे आणि शंभरपैकी शंभर

मला आयुष्यात कुणी शंभरपैकी शंभर गुण दिले नव्हते. सातवीला गणितात चौतीस मिळाले, एका गुणानं राहिले, आणि वडील म्हणाले, "झालं शिक्षण, चल आता कपाशी वेचायला." त्यानंतर जे काही वाचलं-लिहिलं ते माझं मीच. किराण्याच्या पुड्या सोडून वाचल्या, पोराच्या शाळेच्या पुस्तकांवर हात फिरवला, आणि आता म्हातारपणी मोबाईल. तर सांगायचं काय, की अडुसष्टाव्या वर्षी मला शंभरपैकी शंभर मिळाले. दिले एका जाहिरातीच्या यंत्रानं. आणि त्याच आठवड्यात माझ्या सुनेचा धंदा बुडता बुडता राहिला.

आधी बिबडे म्हणजे काय ते सांगते, कारण पुण्या-मुंबईचे लोक त्याला पापड म्हणतात आणि मला राग येतो. ज्वारी तीन दिवस भिजवायची, आंबू द्यायची, धुऊन सुकवायची, भरड काढायची. मग पहाटे चुलीवर मोठं पातेलं ठेवून त्या भरडीचा घाटा हटायचा, म्हणजे ढवळत ढवळत घट्ट शिजवायचा. त्यात लसूण, मिरची, तीळ, जिरं. हटता हटता दंड भरून येतात. उन्हं वर यायच्या आत गच्चीवर ओलं धोतर अंथरून त्यावर पाण्याच्या हातानं गोल थापायचे. संध्याकाळी धोतर उलटं करून पाठीमागून पाणी मारलं की बिबडा अलगद सुटतो. मग पुन्हा ऊन दाखवायचं. ज्वारी भिजल्यापासून डब्यात बिबडा पडेपर्यंत आठवडा जातो, आणि तोही ऊन खणखणीत असेल तर. जळगावात ऊन मागावं लागत नाही म्हणा. पण ते चैत्र-वैशाखातच हवं तसं.

आणि हे एकटीचं काम नाही. आमच्या कॉलनीत आम्ही आठ घरं सावडीनं करतो. आज माझ्या गच्चीवर सगळ्याजणी, उद्या समोरच्या माईंच्या. कुणी कुणाला पैसे देत नाही, हाताला हात फेडतो. माईंचं वय माझ्यापेक्षा जास्त, जीभ माझ्यापेक्षा धारदार. जिच्या घरी घाटा पातळ होईल तिचं वर्षभर नाव निघतं.

माझी सून एका खासगी शाळेत शिकवायची. गेल्या वर्षी तिच्या शाळेतल्या बायकांनी आमचे बिबडे खाल्ले आणि मागे लागल्या. यंदा ती म्हणाली, "आई, हा एक उन्हाळा मला द्या. आठही घरांचे बिबडे मी विकून बघते. मोबाईलवर ॲड टाकू." शाळेतून बिनपगारी रजा घेतली. मोठ्या बाईंनी तिला सांगितलं होतं, आखाजीपर्यंत कळव, येणार असशील तर जागा ठेवते, नाहीतर दुसरी घेते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा लेकीबाळींचा सण. तोपर्यंत सुनेला ठरवायचं होतं, की वर्गात परत जायचं का स्वतःचं काही उभं करायचं. तिनं तोंडानं सांगितलं नव्हतं, पण परत जायचं तिच्या जिवावर आलं होतं, एवढं मला दिसत होतं. शाळेचं नाव निघालं की ती भांडी जोरात घासायची.

सुरुवात छान झाली. तिनं ॲडमध्ये सरळ लिहिलं होतं: खान्देशी बिबडे, उन्हात वाळवलेले, मागवल्यापासून दहा दिवसांत. दाखवायची फक्त जळगाव आणि धुळे जिल्ह्यात, आणि "बिबडे" असंच शोधणाऱ्यांना. रोज दोन-तीन फोन यायचे आणि त्यातले बहुतेक मागवायचेच. धुळ्याकडची पार्सलं माझ्या धाकट्या बहिणीकडे जायची. ती नरडाण्याजवळ राहते. आठवड्यातून दोनदा धुळ्याला जाऊन ती घरोघर पोचवायची आणि प्रत्येक घरी चहा पिऊन यायची.

पाडव्यानंतर सुनेच्या मामेबहिणीचं लग्न निघालं. ती चार दिवस माहेरी गेली आणि धंद्याचा मोबाईल माझ्या हातात देऊन गेली. "आई, फोन आला की नाव-पत्ता लिहून घ्या, बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका! हे आमच्या घरात कुणी मला सांगितलं म्हणजे मी ते करणारच, हे आमच्या ह्यांना ठाऊक आहे. ते पाइपाच्या कारखान्यातून निवृत्त झालेत आणि आता माझ्यावर देखरेख हीच त्यांची नोकरी. दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाईल वाजला. मी उघडून बघते तो काय, एक गोल. अर्धा निळा, अर्धा पांढरा. मध्ये आकडा एकसष्ट. खाली मराठीत लिहिलेलं: तुमच्या खात्याला शंभरपैकी एकसष्ट गुण आहेत. पाच शिफारशी लागू करा आणि शंभर मिळवा.

आता मला सांगा, सातवीला चौतीस मिळालेल्या बाईला हे कोणी दाखवावं का?

मी ह्यांना म्हटलं, "अहो, पोरीला एकसष्टच मिळालेत."

"मग? पास आहे की," ते म्हणाले.

"खाली लिहिलंय, एवढं केलं की शंभर. सगळं लागू करा, असं बटणच आहे."

"तुला समजतंय का त्यातलं?"

"समजायचं काय त्यात? त्यांचंच दुकान, त्यांनाच ठाऊक नसणार का?"

आणि मी बटण दाबलं. गोल फिरला, पूर्ण निळा झाला. शंभर! कागदाचे रंगीत तुकडे उडावेत तसं काहीतरी पडद्यावर उडलं. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी माईंना गच्चीवरून हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मले नको दाखवू, चष्मा नाही. पण शंभर म्हणजे चांगलंच अशीन."

दुसऱ्या दिवसापासून मोबाईल थांबेना. पहिल्या तासात नऊ फोन. मी वही घेऊन बसले, म्हटलं आता बघा म्हातारीचा चमत्कार. पहिला फोन नागपूरहून. "पापड लाटायची मशीन केवढ्याला?" मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे मशीन नाही, आम्हीच आहोत. दुसरा: "कुरडई आहे का?" तिसरा केटररचा, त्याला लग्नासाठी तळायचे उडदाचे पापड हवे होते. मग बायांचे फोन सुरू झाले. "ताई, घरबसल्या पापड पॅकिंगचं काम मिळेल का?" भुसावळची एक बाई तर रडवेली झाली होती. तिला वाटलं आमची मोठी फॅक्टरी आहे. तिला नाही म्हणावं लागलं. ती बिचारी काम शोधत होती, आणि यंत्रानं तिला माझ्या दारात आणून उभं केलं.

आणि संध्याकाळी धुळ्याचा एक माणूस गरजला, "सकाळी ऑर्डर दिली, तुम्ही लिहिलंय आजच घरपोच. कुठाय पार्सल?"

"मी कुठं लिहिलं आजच?"

"वाचता येतं ना? तुमच्याच ॲडमध्ये आहे!"

मी ॲड उघडली. खरंच होतं. ठळक अक्षरात: चविष्ट पापड, आजच घरपोच, आत्ताच मागवा. आमचं नाव, आमच्या गच्चीचा फोटो, आणि शब्द भलत्याचेच. त्या पाच शिफारशींतली एक अशी होती, की यंत्र स्वतःच मथळे लिहील. मी त्याला हो म्हटलं होतं. आठवडाभर उन्हात वाळणारी वस्तू आणि आजच घरपोच! मला ते बंद करता येईना, आणि सून परत येईपर्यंत चौदा माणसांनी त्या शब्दावर भरवसा ठेवून ऑर्डर दिली.

मी बहिणीला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अक्का, तू हाई काय करी बसनी? मशीनले ऊन कळस का?"

तेच तर. मशीनला ऊन कळत नाही. मला कळतं, आणि तरी मी ते मशीनच्या हातात दिलं.

सून परत आली तेव्हा दोन दिवसांचा घोळ झाला होता. तिनं मोबाईल बघितला, वही बघितली, चेहरा उतरला. ॲडला जे पैसे महिनाभर पुरवायचे होते त्यातले निम्मे त्या पापड-मशीनवाल्यांच्या फोनात गेले होते. पण ती मला एक शब्द बोलली नाही. जेवताना माझ्या मुलानं विचारलं, कसं काय झालं हे? तर ती म्हणाली, "यंत्रात आपोआप बदल होतात कधीकधी."

सासूची चूक पानावर वाढायची नाही, अशी आमच्याकडची रीत. तिनं ती पाळली. माझ्याच्यानं मात्र गिळवेना. मी म्हटलं, "आपोआप नाही. मी बटण दाबलं. शंभर गुण हवे होते मला."

मग आमचे हे म्हणाले, "चौतीसवालीला एकदम शंभर पचतात होय?" आणि आधी हसली कोण, तर सून. तेव्हा मला जरा श्वास आला.

दुसऱ्या दिवशी मी एक केलं. त्या चौदा माणसांना मीच एकेक करून फोन लावला. "मी बिबड्यांची म्हातारी बोलते. आजच घरपोच हे खोटं होतं, चूक माझी. दहा दिवस लागतील. थांबायचं असेल तर थांबा, नसेल तर पैसे आत्ता परत पाठवते." पाचजणांनी परत घेतले. दोघांना पापडच हवा होता, तेही गेले. सातजण थांबले. धुळ्याची एक बाई हसून म्हणाली, "मला वाटलंच होतं हो. बिबडा आजचा आज आला असता तर मी परत केला असता."

इकडे सुनेनं सगळ्या शिफारशी बंद करून जुनी ॲड परत लावली. गुण धाडकन खाली आले. मी त्या गोलाकडे बघायचंच नाही असं ठरवलं. पण ती म्हणाली, "आई, बंद केलं म्हणून संपलं नाही. पाचही शिफारशी चुकीच्या होत्या असं आपल्याला कुठं माहीत आहे? आपण सगळ्या एकदम लावल्या. कोणत्या औषधानं उलटी झाली ते कळलंच नाही."

शिक्षिकाच ती. मला पटलं. आणि मला माझ्या वडिलांची कपाशी आठवली.

माझे वडील नवं बियाणं आलं की कधी सगळ्या वावरात पेरायचे नाहीत. दुकानदार कितीही म्हणो, पिशवीवर बोंडांचं चित्र कितीही भारी असो. ते चार ओळी नव्या बियाण्याच्या टाकायचे, शेजारच्या चार जुन्याच्या, आणि वेचणीला आम्हा पोरींना दोन वेगवेगळ्या झोळ्या द्यायचे. म्हणायचे, दुकानदार खोटं बोलतो असं नाही, पण त्याला बी विकायचंय आणि मला कापूस.

मी हे सुनेला सांगितलं. ती वही घेऊन आली. माझ्या लोणच्याच्या प्रमाणांची वही, तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर आम्ही त्या शिफारशी आमच्या भाषेत लिहून काढल्या. यंत्राची भाषा फार गोड असते हो. "अधिक ग्राहकांपर्यंत पोचा," असं म्हणतं. आम्ही लिहिलं: बिबडे न शोधणाऱ्यांनाही दाखवा. "संधी गमावू नका, बजेट वाढवा." आम्ही लिहिलं: कंपनीला जास्त पैसे द्या. असं सरळ लिहिलं की निम्मा गोडवा तिथंच उतरतो. यंत्राच्या मथळ्यांवर आणि नागपूरपर्यंत राज्यभर ॲड दाखवण्यावर तर लगेच काट मारली.

बजेटाचं पान माईंनीच फाडलं म्हणा. त्या आल्या होत्या विरजण मागायला. त्यांना मी विचारलं, ऑर्डरी दुप्पट आल्या तर करू का आपण?

"कुठी वाळवशीन?" त्या म्हणाल्या. "तुह्या नवऱ्याच्या टकलावर?"

आठ गच्च्या, आठ जोड्या हात, महिनाभराचं ऊन. त्यापेक्षा जास्त मागणी घेऊन करायचं काय? आम्ही त्या शिफारशीवर काट मारली. आणि एक गंमत सांगते. मोबाईलवर आम्ही ती शिफारस "नको" म्हणून बाजूला सारली, तर गुण वाढले! मी दोनदा बघितलं. हो म्हटलं तरी वाढतात, नको म्हटलं तरी वाढतात. सून हसत सुटली. "आई, ही परीक्षा पेपर सोडवल्याचे गुण देत नाही, पेपर उघडल्याचे देते." माझे ते शंभर गुण त्या दिवशी माझ्या मनातून उतरले. खरं म्हणजे सातवीच्या चौतीसलाच जास्त किंमत, ते निदान मास्तरांनी तपासून दिले होते.

मग आल्या जवळच्या शब्दांवर. म्हणजे "बिबडे" शोधणाऱ्यांशिवाय "पापड", "वाळवण" शोधणाऱ्यांनाही ॲड दाखवायची. ही आम्ही चार ओळींत टाकली. धुळ्यात लावली, जळगावात जुनीच ठेवली. आठ दिवस. फोन आला की मी विचारायची, कुठून बोलता, काय शोधत होता, आणि वहीत रेघ मारायची. मागवलं तर रेघेवर टिंब.

आठ दिवसांनी यंत्रानं हिरवा बाण दाखवला. धुळ्यात जोरदार वाढ, अभिनंदन! वहीत बघितलं तर धुळ्याच्या रेघा खरंच भरपूर होत्या. टिंबं मात्र जळगावाएवढीच. यंत्राला फोन वाजला की आनंद, आम्हाला बिबडा गेला की आनंद.

मी म्हटलं, झालं, काट मार. पण सून थांबली. "आई, त्या आठवड्यात धुळ्याकडे लग्नं किती होती! मावशीच म्हणत होत्या, घरोघर कुलपं. कदाचित म्हणून टिंबं कमी पडली असतील."

बघा, हे मला सुचलं नसतं. पण वडिलांना सुचायचं. पाटाजवळच्या ओळी नेहमीच जोरात वाढतात, म्हणून ते दुसऱ्या वर्षी बियाण्यांची जागा बदलायचे. आम्हीही बदलली. आता जवळचे शब्द जळगावात, धुळ्यात जुनी ॲड. पुन्हा आठ दिवस. पुन्हा तेच. जळगावचे फोन वाढले, टिंबं तेवढीच. तेव्हा कुठं काट मारली, आणि ती मारताना हाताला शंका नव्हती.

याच दिवसांत जाहिरातीच्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. गोड आवाज. "मॅडम, तुमच्या खात्यात अजून शिफारशी पडून आहेत. मी मदत करू का?"

"कर की. आधी सांग, बिबडा खाल्लायस का कधी?"

"नाही हो. काय असतं ते?"

मी सांगितलं. चुलीपासून गच्चीपर्यंत सगळं. तिनं ऐकून घेतलं, बिचारी. मग मी विचारलं, "बाळ, मी हो म्हटलं तर तुला काय मिळतं?"

ती हळूच हसली. "आजी, माझ्यापुढे पण एक आकडा असतो."

"किती झाला?"

"आज फारसा नाही."

मला तिची दया आली. मी म्हटलं, जेवून घे आधी. एक शिफारस आहे जी आम्ही अजून तपासली नाही, ती तू समजावून सांग, तुझंही काम होऊ दे. ती होती सुरतेची. यंत्र म्हणत होतं, सुरत शहरातही ॲड दाखवा. मुलगी म्हणाली, "मला कारण दिसत नाही, पण तिथं हा शब्द शोधला जातोय." आणि खरंच, तिनं दुसरं काही गळ्यात मारलं नाही.

फोन ठेवला आणि मी सुनेला म्हटलं, "सुरत काट. गुजरातेत बिबडे कोण खाणार? ते खाखऱ्याचे लोक."

"आई, हिला पण चार ओळी."

"अगं, काही गोष्टी न तपासताही कळतात."

"शंभर गुणांच्या वेळीपण तुम्हाला कळलंच होतं," ती म्हणाली. लागलं मला. पण खरं होतं. पाचच दिवस, थोडेच पैसे, एवढंच ठरलं.

तिसऱ्या दिवशी फोन. मी नेहमीप्रमाणे विचारलं, काय शोधत होता? पलीकडून बाई म्हणाली, "मावशी, आम्ही खान्देशनाच शेतस. बिबडा भेटतीन का?"

मी खुर्चीत नीट बसले. तिच्या नवऱ्याचं गाव शिंदखेड्याकडचं, तो तिकडे कापड गिरणीत. त्यांच्या गल्लीत बठ्ठी, म्हणजे सगळी, आपलीच माणसं. खोल्या लहान, गच्चीवर घरमालक चढू देत नाही, चार वर्षांत बिबडा खाल्ला नव्हता. आखाजीला नणंदा येणार होत्या, तेव्हा पानात हवे होते. मागोमाग तिच्या शेजारणीचा फोन, मग अजून एकीचा. पाच दिवसांत आठ रेघा झाल्या आणि आठही रेघांवर टिंब.

बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "आपला निम्मा गाव सुरतले शे. मन्ही नणंद भी तठेच शे. तू भुली गयी का?"

विसरले होते. चाळीस वर्षं जळगावात राहून माझं गाव कुठं कुठं गेलं ते मीच विसरले, आणि ज्याला ऊन कळत नाही त्या यंत्राला ते दिसलं. का ते त्यालाही माहीत नव्हतं. तेव्हापासून मी यंत्राला शिव्या घालणं सोडलं. मी आधी न तपासता हो म्हटलं, मग न तपासता नाही म्हटलं. दोन्हीवेळा डोकं बाजूला ठेवलं होतं, एवढंच.

सुरतेसाठी आम्ही जागा केली. जळगाव-धुळ्याची ॲड आखाजीच्या दहा दिवस आधीच बंद केली, कारण आठ गच्च्यांवर तेवढेच बिबडे होते आणि शब्द दिलेले पुरे करायचे होते. यंत्र रोज विचारायचं, ॲड का थांबवली? तुम्ही ग्राहक गमावताय. माईंना मी वाचून दाखवलं. त्या घाटा हटत होत्या. म्हणाल्या, "त्याले म्हणा, ये मग हटायले."

आखाजीच्या तीन दिवस आधी शेवटची खोकी सुरतेच्या गाडीला लागली. आम्ही आठजणी माझ्या गच्चीवर बसून, घरच्यापुरते बिबडे थापून उरलेला गरम घाटा तेल टाकून खात होतो. कुणाचे हात भाजलेले, कुणाचं नाक उन्हानं सोललेलं. तेव्हा सुनेचा स्वतःचा मोबाईल वाजला. शाळेच्या मोठ्या बाई. ती उठून कठड्यापाशी गेली. माईंनीसुद्धा घास हातात धरून ठेवला.

"हो बाई," ती म्हणाली. "नाही बाई, विचार झाला माझा." मग थोडं थांबून, "दुसरी घ्या तुम्ही. मी नाही येत."

ती परत येऊन बसली. मी तिच्या वाटीत घाटा वाढला, दुसरं काय करणार?

"पण पावसाळ्यात गं?" माईंनी विचारलंच. "ऊन गेल्यावर काय विकशीन?"

सुनेनं धंद्याचा मोबाईल काढला. सुरतेच्या लोकांनी काय काय शब्द शोधले त्याची यादी यंत्र देतं. ती आम्हाला कुणी दाखवली नव्हती, शिफारशीतही नव्हती, तिनंच शोधून काढली होती. बिबड्यांच्या खाली एक शब्द पुन्हा पुन्हा होता. कळण्याचं पीठ. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं, ज्याची भाकरी आम्ही ठेच्याबरोबर खातो.

"आई, पिठाला ऊन लागत नाही ना?" ती म्हणाली. "गिरणी तर बाराही महिने चालते."

मला एकदम म्हणावंसं वाटलं, कर, घाल सगळा पैसा त्यात! जीभ टोकावर आली होती. मग मी खाली जाऊन लोणच्याची वही घेऊन आले, कोरं पान काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"आधी चार ओळी," मी म्हटलं.

"दोन किलो दळू," ती म्हणाली, आणि लिहायला बसली.